आमदार व्हायचं तर आधी झेडपी लढवावीच लागते का? आर. आर. आबांचा प्रवास नेमका कसा झाला?

तुम्ही लिहिलंय की मूळ गाव सांगली जिल्ह्यात, नोकरी पुण्यात, आणि राजकारणात उतरायचं मनात आहे. घरचे म्हणतात आधी ग्रामपंचायत लढव, मित्र म्हणतात सरळ पक्षात पद घे. आणि दोघंही दाखला देतात तो आर. आर. पाटलांचाच, म्हणजे आपल्या जिल्ह्यातून उपमुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेल्या आर. आर. आबांचा. गंमत आहे, पण आमच्याकडे हे नेहमीचंच.

मी तासगाव तालुक्यातला. उभी नोकरी पंचायत समितीत गेली. राजकारण कधी केलं नाही, पण राजकारण करणाऱ्यांच्या फायली सांभाळल्या. त्या खुर्चीवरून जे दिसलं तेवढंच सांगतो.

कायद्याने झेडपीची काहीही गरज नाही. वय 25 पूर्ण आणि राज्यात कुठेतरी मतदार यादीत नाव, की विधानसभेचा अर्ज भरायला तुम्ही मोकळे. उलट खालच्या निवडणुकांचे नियम कडक आहेत. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद बंद. आमदारकी मात्र चालू. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर घरी संडास आहे आणि तो वापरतो, याचा दाखला लागतो. विधानसभेला तसं कुणी विचारत नाही. असो.

माझं म्हणणं एवढंच की जिल्हा परिषद आमदाराचं काम शिकवते, तिकीट देत नाही. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात आणि मग आबांच्या गोष्टीतून चुकीचा अर्थ काढतात.

आबांचा जन्म 16 ऑगस्ट 1957 चा, गाव अंजनी, तालुका तासगाव. तासगाव म्हटलं की बाहेरच्यांना द्राक्षं आणि बेदाणा आठवतो, पण तालुक्याचा पूर्व भाग त्या काळी पावसाच्या भरवशावर आणि उन्हाळ्यात टँकरच्या. घरची परिस्थिती बेताची. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये कमवा आणि शिका करून ते शिकले, पुढे एलएलबी झाले. 1979 साली सावळज गटातून (गट म्हणजे झेडपीचा मतदारसंघ) जिल्हा परिषदेवर निवडून आले तेव्हा वय जेमतेम एकवीस-बावीस. 1990 पर्यंत ते सदस्य राहिले आणि त्याच वर्षी तासगावमधून आमदार झाले. पुढे 1995, 1999, 2004, 2009, 2014, एकदाही पडले नाहीत. हे सगळ्यांना माहीत आहे, भाषणात सगळे सांगतात.

सांगत नाहीत ते वेगळंच. झेडपीची मुदत पाच वर्षांची असते, मग आबा सलग अकरा वर्षं सदस्य कसे? कारण 1979 नंतर राज्यात जिल्हा परिषदांची निवडणूक थेट 1992 ला झाली. मधल्या काळात सरकार मुदतवाढ देत राहिलं. लोकशाहीच्या दृष्टीने हे वाईटच, आणि असली टाळाटाळ बंद व्हावी म्हणून पुढे 73 वी घटनादुरुस्ती झाली, जी एप्रिल 1993 पासून लागू आहे. पण ज्याला काम शिकायचं होतं त्या पोराला एकाच गटात अकरा वर्षं मिळाली. पहिल्या वर्षी मंजूर केलेल्या रस्त्याची पाचव्या वर्षी काय चाळण होते, शाळेला दिलेल्या खोलीचं छत कितव्या पावसाळ्यात गळतं, हे त्याच माणसाला बघावं लागलं. आता सदस्य येतो तेव्हा पहिलं वर्ष समजून घेण्यात जातं, शेवटचं वर्ष पुढच्या आरक्षणाच्या काळजीत. मधली तीन वर्षं कामाची, त्यातही दोन-तीन आचारसंहिता.

झेडपी मेंबर करतो काय, हे तुम्हाला पुण्यात बसून कळायचं नाही, म्हणून जरा सविस्तर.

प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावाला जोडणारे रस्ते, जनावरांचा दवाखाना, अंगणवाडी, नळपाणी योजना, पाझर तलाव, हे सगळं जिल्हा परिषदेकडे. म्हणजे खेड्यातल्या माणसाला सरकार म्हणून जे रोज भेटतं त्यातलं पोलीस आणि तलाठी सोडले तर बहुतेक सगळं. सदस्याकडे लोक येतात ते गुरुजींची बदली करा किंवा बदली थांबवा म्हणून, डॉक्टर मुक्कामी राहत नाही म्हणून, मोटर जळाली म्हणून. यातलं सदस्याच्या हातात थेट काहीच नसतं. सही बीडीओची म्हणजे गटविकास अधिकाऱ्याची, झेडपीच्या सीईओची, नाहीतर उपअभियंत्याची. सदस्याचं सगळं कसब फाइल कुठल्या टेबलावर अडकली आहे ते ओळखण्यात. आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग टेंडर, मग कार्यारंभ आदेश, काम झाल्यावर मोजमाप पुस्तिका आणि शेवटी बिल. या साखळीत कुठेही काम सहा महिने झोपू शकतं आणि प्रत्येक ठिकाणी झोपण्याचं कारण वेगळं असतं.

आमच्या पंचायत समितीत एक सदस्य यायचे, नाव घेत नाही. शिक्षण फार नव्हतं. पण मासिक सभेला येण्याआधी ते माझ्याकडे बसायचे आणि मागच्या सभेच्या इतिवृत्तातला एकेक ठराव वाचून घ्यायचे. सभेत फक्त एकच विचारायचे, "ह्याचं काय झालं?" शाखा अभियंते त्यांना जितके घाबरायचे तितके आरडाओरडा करणाऱ्यांना कधी घाबरले नाहीत. ते आमदार झाले नाहीत, त्यांना तिकीटही कधी मिळालं नाही. तिकीट का मिळालं नाही, त्याकडे नंतर येतो.

आधी 1990 बघा. त्या निवडणुकीत सांगली जिल्ह्यातून पहिल्यांदा आमदार झालेल्यांतले तीन जण घ्या, तिघं तीन वाटांनी आले. त्यामुळे कुठला रस्ता खरा, या तुमच्या प्रश्नाला जिल्ह्याने तेव्हाच उत्तर देऊन ठेवलंय.

तासगावला आबा. त्यांची वाट वर सांगितलीच.

वाळव्यातून जयंत पाटील. वडील राजारामबापू मंत्री होते, साखराळ्याचा साखर कारखाना त्यांनी उभा केलेला. जानेवारी 1984 मध्ये बापू गेले. अमेरिकेत शिकत असलेला मुलगा परत आला, कारखान्यात लक्ष घातलं आणि सहा वर्षांत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आमदार झाला. झेडपीची पायरी नाही. पण कारखाना म्हणजे काही गादी नुसती आयती मिळाली असं नव्हे. ऊसतोडीची टोळी, वाहतूक, सभासदांची बिलं, कामगारांचे करार, वार्षिक सभेतली बोंबाबोंब, हेही एक शिक्षणच आहे. फरक इतकाच की त्या शाळेत प्रवेश सगळ्यांना मिळत नाही.

आणि खानापुरातून अनिल बाबर. गाव गार्डी, विट्याजवळ. सरपंचपदापासून सुरुवात, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि 1990 ला विधानसभा. तिघांतली सगळ्यात पायरी-पायरीची वाट त्यांची. पण बघा, आबा एकदाही पडले नाहीत आणि अनिलभाऊ 1990, 1999, 2014, 2019 असे आत-बाहेर होत राहिले. मधल्या काळात टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. 31 जानेवारी 2024 ला गेले ते आमदार असतानाच. म्हणजे खालून वर आलं की खुर्ची पक्की होते, असंही नाही.

सातारकर मला विचारतील, आमचं कोण? पाटणचे बाळासाहेब देसाई सातारा जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष होते, झेडपीचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी, आणि पुढे राज्याचे गृहमंत्री झाले. उलट टोकाला कराडचे पृथ्वीराज चव्हाण. 1991 ला थेट लोकसभा, 2010 ला दिल्लीहून येऊन मुख्यमंत्री, आणि कराड दक्षिणमधून विधानसभेची पहिली निवडणूक जिंकली ती 2014 ला, मुख्यमंत्रिपद भोगून झाल्यावर. शिडी वरून खाली उतरलेला माणूस म्हणा.

आता झेडपीत शिकलेलं उपयोगी पडतं का, याचं उत्तर आबांच्या पहिल्या खात्यात आहे. 1999 ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचं सरकार आलं आणि त्यांच्याकडे ग्रामविकास खातं गेलं. वर्षभरात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. बाहेरून बघणाऱ्याला त्यात हातात खराटा घेतलेले मंत्री दिसले. मला आतून दिसलं ते असं, की या योजनेत काम करायला आधी पैसेच नव्हते. सरकारी योजना म्हणजे अनुदान, अनुदान म्हणजे प्रस्ताव, प्रस्ताव म्हणजे लाभार्थ्यांची यादी आणि यादी म्हणजे भांडण. इथे तसलं काही नाही. गावाने स्वतःच्या खिशातून आणि अंगमेहनतीने स्वच्छ व्हायचं, मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी तपासणी, आणि जिंकलं तर बक्षीस. शेजारच्या गावाला नंबर मिळाला आणि आपल्याला नाही, ही गोष्ट आमच्याकडच्या माणसाला किती झोंबते हे ज्याने अकरा वर्षं गावागावांतली भांडणं ऐकली आहेत त्यालाच ठाऊक. मंत्रालयात बसून हे सुचणारं नाही. तपासणीची कमिटी यायची म्हटल्यावर ज्या गावात दोन गट एकमेकांच्या दारात जात नव्हते ते रात्री बॅटरी लावून गटारं काढताना मी पाहिलेत. कमिटी गेल्यावर पुन्हा गटारं तुंबली, अशीही गावं होती, ते लपवण्यात अर्थ नाही. पण उघड्यावर बसणं ही लाजेची गोष्ट आहे, हे लोकांच्या तोंडी तेव्हापासून आलं.

2007 च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम त्याच डोक्यातून निघालेली. तेव्हा ते गृहमंत्री होते आणि तरीही बांधाची भांडणं पोलीस ठाण्याऐवजी गावातच मिटावीत, असाच विचार करत होते. म्हणजे खातं बदललं, माणूस सावळज गटाचाच राहिला.

त्याची दुसरी बाजूही आहे. गृहखातं म्हणजे गावकी नव्हे. मुंबईवरच्या 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर, मोठ्या शहरांत अशा छोट्या गोष्टी होतच असतात, अशा अर्थाचं ते बोलले, त्या एका वाक्यावर 1 डिसेंबर 2008 ला गृहखातं आणि उपमुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पारावर माणसं धीर देताना जसं बोलतात तसं ते बोलले आणि देशाने ते टीव्हीवर ऐकलं. झेडपीत कॅमेरे नसतात. त्यांच्या जागी गृहखात्यात कोण आलं? जयंत पाटील. 1990 च्याच बॅचचे, आमच्याच जिल्ह्यातले. 2009 ला आबा पुन्हा गृहमंत्री झाले, गडचिरोलीचं पालकमंत्रिपद मागून घेतलं, आणि ग्रामविकास गेलं जयंतरावांकडे. त्यांनी पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आणली, तीही बरी चालली. तेव्हा झेडपीतून आलेलाच ग्रामविकास जाणतो असा माझा दावा नाही. लवकर जाणतो, इतकंच.

आता तिकिटाचं.

1961 चा जिल्हा परिषद कायदा आला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधी वसंतराव नाईक समितीने एक गोष्ट ठरवली होती, आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत घ्यायचं नाही. हेतू चांगला होता, नवं नेतृत्व खालून उभं राहावं, मोठ्या झाडाच्या सावलीत खुरटू नये. नेतृत्व उभं राहिलंही. पण त्यामुळे आमदार आणि झेडपी मेंबर ही दोन वेगळी दुकानं झाली, एकाच गल्लीत. आमदाराला विरोधी पक्षाच्या उमेदवाराची भीती असतेच, पण खरी धास्ती असते ती आपल्याच पक्षातल्या, चांगलं काम करणाऱ्या मेंबरची. त्याला गट सांभाळू द्यायचा, पण तालुका फिरू द्यायचा नाही. सभापतिपद द्यायचं ते सव्वा वर्षाचं, रोटेशनने. पंचायत समितीच्या वार्षिक आमसभेला अध्यक्ष आमदारच असतात, तिथे कुणाला किती वेळ बोलू द्यायचं तेही त्यांच्याच हातात. वर सांगितलेले इतिवृत्त वाचून घेणारे सदस्य असेच अडकले.

हिशेबही साधा आहे. 2017 ला सांगली जिल्हा परिषदेत 60 सदस्य होते, साताऱ्यात 64. विधानसभेच्या जागा दोन्हीकडे आठ-आठ. जागा तेव्हाच सुटते जेव्हा कुणी जातं, फुटतं किंवा फार मोठी चूक करतं. मार्च 1989 मध्ये जिल्ह्याचे मोठे नेते, माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील गेले आणि वर्षभरातच 1990 ची विधानसभा आली. जिल्ह्याची सगळी मांडणी हलली होती. त्या फटीतून तीन तरुण आत आले असं माझं मत आहे. आबांची लायकी होतीच, पण लायकी 1985 लाही होती.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे झेडपीची ती शाळाही आता तशी राहिलेली नाही. केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे 2015 पासून आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर जायला लागला. पंधराव्यात झेडपी आणि पंचायत समितीला दहा-दहा टक्के ठेवले, बाकी ऐंशी गावाला. आमदारांचा स्थानिक विकास निधी वाढत वाढत वर्षाला 5 कोटींवर गेला, शिवाय गावातल्या कामांसाठी राज्याच्या बजेटात 2515 चं हेड आहे, तेही आमदाराच्या पत्रावर हलतं. मधला झेडपी मेंबर सेसच्या, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या तुटपुंज्या पैशावर हायमास्ट दिवे बसवत बसला. गटाचं आरक्षण फिरतं, त्यामुळे पाच वर्षं राबलेला गट पुढच्या वेळी तुम्हाला मिळेलच असं नाही. आणि 2017 ला निवडून आलेल्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या आणि तीन वर्षांहून जास्त काळ सांगली काय, सातारा काय, प्रशासकच बसले. घटनादुरुस्ती होऊनही. त्या काळात गावातला माणूस गुरुजींच्या बदलीसाठी कुणाकडे गेला असेल? सरळ आमदाराकडे. म्हणून आता आमदाराच्या बंगल्यावर सकाळी जी गर्दी असते तिच्यातली अर्धी कामं झेडपीची असतात.

वारसांचं विचाराल तर त्यांनाही आता खालून गेल्याचं दाखवावं लागतं, हे चांगलंच म्हणायचं. अनिलभाऊंचे चिरंजीव सुहास बाबर आधी जिल्हा परिषदेचे उपाध्यक्ष होते, मग 2024 ला आमदार झाले. आबांच्या पश्चात 2015 ची पोटनिवडणूक त्यांच्या पत्नी सुमनताईंनी जिंकली, 2019 लाही त्याच. मुलगा रोहित पाटील यांनी आधी कवठेमहांकाळ नगरपंचायतीची निवडणूक अंगावर घेतली आणि 2024 ला पंचविशीत विधानसभेत गेले, सभागृहातले सगळ्यात तरुण. तेव्हा आबांच्या घरातसुद्धा दुसरी पिढी आबांच्या वाटेने आली नाही, यायची गरजही नव्हती. तुमच्यामागे नाव नाही, म्हणून तुमचा प्रश्न वेगळा.

मग तुम्ही काय करावं? पक्षातलं पद म्हणजे लेटरहेड आणि गाडीवरची पाटी. ते घ्या हवं तर, पण त्याने गावात कुणी ओळखत नाही. सरपंचपदाचा विचार जरूर करा. 2017 ला सरपंच थेट जनतेतून आला, 2020 ला ते बंद झालं, 2022 पासून पुन्हा सुरू आहे. पैसाही आता तिथेच आहे आणि कारभार तुमच्या सहीने चालतो, त्यामुळे झेडपीत आबांना जे शिकायला मिळालं त्यातलं बरंच तुम्हाला तिथे मिळेल. पण त्यासाठी पुणं सोडावं लागेल. शनिवार-रविवारी येऊन सरपंचकी होत नाही, कारण माणसं मरतात मंगळवारी आणि पाइपलाइन फुटते गुरुवारी.

पुणं सोडायची तयारी नसेल, तर विकास सोसायटीची, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावातल्या सहकारी संस्थेची निवडणूक लढवून बघा. लहान असते, मतदार मोजके, आणि कोण तोंडावर हो म्हणून मत दुसऱ्याला देतो ते पहिल्याच फटक्यात कळतं. त्याआधी गटाचं आणि सरपंचपदाचं आरक्षण काय पडलंय ते तहसील कार्यालयात जाऊन बघून या. निम्म्या इच्छुकांचा प्रश्न तिथेच सुटतो.